आंब्याच्या झाडाची वाढ व त्याचा विस्तार

आंब्याचे कलम रोपवाटिकेतून आणले जाते तेव्हा ते जेमतेम हात-दीड हात उंचीचे असते. पावसाळ्याच्या आरंभी ते खड्ड्यात लावताना शेजारच्या दोन खड्ड्यांमधील मोकळी जमीन पाहून लावणाऱ्याच्या मनास चुटपुट लागते. एवढी जागा रिकामी का सोडावी, असा प्रश्न त्यास पडतो. आखणी करून दहा मीटरांवर खुंट्या मारून द्याव्यात आणि आठवड्याने जाऊन पाहावे तो त्या सात मीटरांवर सरकलेल्या असाव्यात, हा अनुभव गावपातळीवर काम करणाऱ्या बहुतेक कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. याबद्दल शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. समोर दिसते ते रोप लहान असते, आणि तीस वर्षांनंतरचे झाड डोळ्यांसमोर आणणे कोणासही कठीणच जाते.

हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे त्याचे कारण निराळे आहे. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित असा फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत डोंगरउतारावर व पडीक जमिनीवर आंब्याची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. त्या वेळची कलमे आता तीस वर्षांपलीकडे गेली आहेत. चांगल्या मातीत लावलेल्या अशा बागांत शेजारशेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत, दुपारी बारा वाजतादेखील खाली ऊन पडत नाही आणि मोहोर केवळ शेंड्याला येतो. “झाडे एवढी थोराड झाली, मग फळ का घटले?” हा प्रश्न अशा बागांचे मालक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर खतात किंवा औषधांत शोधण्यापूर्वी आंब्याचे झाड वाढते कसे, हे समजून घेणे इष्ट होईल.

रायवळ आणि कलम

कोयीपासून उगवलेला रायवळ आंबा आणि कलमाचा आंबा ही दोन झाडे जणू निरनिराळ्या स्वभावाची असतात. रायवळ झाड प्रथम उंच जाते. त्याचे खोड सरळ व जाड होते, फांद्या बऱ्याच वरून फुटतात, आणि वीस मीटरांपलीकडे उंची गेलेली, शंभर वर्षे उलटूनही फळे देणारी झाडे आपल्या गावांच्या वेशीवर आजही उभी आहेत. त्याचे सोटमूळ जमीन मिळेल तसे खोल उतरते. पाच-सहा मीटर खोलीपर्यंत ते गेल्याचे आढळते. मात्र अन्न व पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरातच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंध्याशी खत ओतणे निरुपयोगी का, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच रोप निघते आणि ते परपरागीभवनातून आलेले असल्यामुळे आईसारखे निपजत नाही. एकाच झाडाखालच्या दहा कोयी लावल्या तर एखादे झाड ताडमाड वाढते, तर दुसरे ठेंगणे राहते. त्यामुळे रायवळाचे अंतिम आकारमान आधी सांगता येत नाही. जागा सोडताना ते मोठेच होणार असे धरून चालावे.

कलमाचे तसे नाही. कलमकाडी फळ देणाऱ्या झाडाची असल्यामुळे तिला लवकर फळ धरण्याची प्रवृत्ती असते. झाड खालूनच फांद्या फोडते आणि घुमटासारखे पसरते. गोव्यात पोर्तुगिजांच्या अमलात, सोळाव्या शतकापासून, भेट कलमांचा प्रसार झाला असे मानले जाते. हापूस, मानकुराद यांसारखे वाण शतकानुशतके जसेच्या तसे टिकले ते कलमांमुळेच. आज भेट कलमाची जागा बव्हंशी कोय कलमाने घेतली आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला.

कलम म्हणजे लहान झाड, असा मात्र एक समज रूढ झाला आहे, आणि तो दूर करणे अगत्याचे आहे. कलमाचे झाड रायवळाहून लहान राहते, इतकेच खरे. खोल व निचऱ्याच्या जमिनीत, पाण्याची सोय असताना हापूसचे कलम मोकळे सोडले तर आठ-दहा मीटर उंच आणि तितकेच रुंद होण्यास त्यास कोणतीही अडचण पडत नाही. जांभ्याच्या कातळावर सुरुंग लावून घेतलेल्या खड्ड्यात तेच कलम बरेच आटोपशीर राहते, कारण मुळांना पसरण्यास जागाच नसते. तेव्हा वाण एक असला तरी जमीन पाहून अंतर ठरवावे लागते. शेजारच्या गावातील बागेचे अंतर डोळे मिटून उचलणे बरे नव्हे.

वाणावाणांतही फरक आहे. नीलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात तयार झालेला आणि १९८१ साली प्रसारित झालेला रत्ना हा वाण हापूसच्या मानाने नियमित फळणारा व आकाराने आटोपशीर आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत दशहरी व नीलम यांच्या संकरातून निघालेला आम्रपाली हा तर ठेंगणाच वाण होय; तो अडीच मीटरांवर लावून हेक्टरी १६०० झाडे बसविण्याची शिफारस आहे. हापूस व केसर हे आपल्या बाजारपेठेचे दोन मुख्य वाण मात्र ठेंगण्यांत मोडत नाहीत. आम्रपालीचे अंतर हापूसला लावणे म्हणजे कालवडीच्या दाव्याने बैल बांधण्यासारखे आहे.

पालवीचे टप्पे

आंब्याचे झाड ज्वारीच्या ताटाप्रमाणे सलग वाढत नाही. ते टप्प्याटप्प्याने वाढते. काही काळ शेंड्याचा डोळा स्वस्थ असतो. मग तो एकाएकी फुगतो आणि दोन-तीन आठवड्यांत वीतभर नवी डहाळी व तिच्यावरील पाने बाहेर पडतात. ही कोवळी पालवी प्रथम तांबूस-जांभळट आणि लोंबती असते, पुढे पोपटी होते आणि अखेरीस गर्द हिरवी व ताठ होते. त्यानंतर डोळा पुन्हा विश्रांती घेतो. एका झाडाची एक बाजू पालवीने लाल झालेली आणि दुसरी बाजू जुन्या हिरव्या पानांची, असे दृश्य सर्वांनी पाहिले असेलच. आंब्याच्या फांद्यांचा कारभार असा स्वतंत्र चालतो.

हे टप्पे डहाळीवर वाचता येतात. कोणतीही एक डहाळी हातात घेऊन शेंड्याकडून मागे बोट फिरवावे. काही अंतरावर पानांचा किंवा गळलेल्या पानांच्या खुणांचा दाट झुबका लागतो. तेथे मागील पालवी थांबली होती. त्यामागे विरळ भाग, मग पुन्हा झुबका. दोन झुबक्यांमधील अंतर म्हणजे एक पालवी. आखूड व जाडसर टप्पे असलेली डहाळी बहुधा उन्हातील व फळधारी असते. लांब, बारीक टप्पे असलेली डहाळी उजेडाच्या शोधात धावणारी असते आणि तिच्याकडून मोहोराची फारशी आशा धरू नये. ही परीक्षा शिकण्यास पाच मिनिटे लागतात, तिला कोणतेही उपकरण लागत नाही, आणि बागेची प्रकृती तिच्यावरून जितकी कळते तितकी लांबून झाडांचा हिरवेपणा पाहून कळत नाही.

आता मोहोराचा विचार करू. आंब्याचा मोहोर प्रामुख्याने डहाळीच्या शेंड्यावर येतो. ज्या डोळ्यातून पालवी फुटावयाची त्याच डोळ्यातून मोहोर फुटतो. म्हणजे त्या वेळी एका शेंड्याकडून दोहोंपैकी एकच गोष्ट साधते. शिवाय डहाळी जून झाल्याखेरीज, म्हणजे पालवी येऊन साधारण तीन-चार महिने उलटल्याखेरीज, मोहोर येत नाही. कोकणात पाऊस लांबला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडाने पुन्हा पालवी काढली की त्या डहाळ्यांवर वेळेवर मोहोर येत नाही, हे बागायतदारांना चांगले ठाऊक आहे. फळांच्या ओझ्याने थकलेली डहाळी पुढील पावसाळ्यापूर्वी पालवी काढू शकली नाही, तर तिचेही पुढचे वर्ष वाया जाते. हापूसच्या वर्षाआड फळण्याचे एक मोठे कारण येथे आहे.

याचा अर्थ असा की वाढ आणि फळ ही आंब्याच्या बाबतीत एकाच तिजोरीतून खर्च होणारी रक्कम आहे. कल्टार या नावाने परिचित असलेल्या पॅक्लोब्युट्राझॉलचा उपयोग याच तत्त्वावर होतो. ते झाडातील वाढीच्या संजीवकाची निर्मिती रोखते. डहाळ्या आखूड राहतात आणि डोळे पालवीऐवजी मोहोराकडे वळतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हे औषध १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासास ३ मिलीलिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून, बुंधा व घेराची कड यांच्या मध्यावर गोलाकार घेतलेल्या खळग्यांत ओतावयाचे असते. विस्तार मोजण्याची रीत सोपी आहे. घेराचे पूर्व-पश्चिम व दक्षिणोत्तर असे दोन व्यास मोजून त्यांची सरासरी काढावी. सहा मीटर विस्ताराच्या झाडास १८ मिलीलिटर औषध पुरते. पुष्कळ ठिकाणी झाडाचे वय विचारून अंदाजे माप ओतले जाते, ते गैर आहे. दहा वर्षांखालील झाडास व अशक्त झाडास हे औषध देऊ नये, आणि ज्यास दिले त्याच्या खतपाण्यात हयगय करू नये. औषधाने झाडात नवी शक्ती येत नाही. असलेली शक्ती एका बाजूने दुसऱ्या बाजूस वळते, इतकेच.

उजेडाचा हिशेब

झाड मोठे तर फळ जास्त, हा हिशेब काही मर्यादेपर्यंतच खरा आहे. आंब्याला फळ येते ते घेराच्या बाहेरच्या, ऊन खाणाऱ्या थरावर. झाडाचा व्यास दुप्पट झाला की त्याच्या घुमटाचे क्षेत्रफळ चौपट होते, परंतु आतील पोकळी आठपट होते. म्हणजे झाड जसजसे थोराड होते तसतसा त्यातील बिनफळाचा, अंधारा भाग अधिक वेगाने वाढतो. त्या अंधारातील पाने स्वतःपुरतेही अन्न तयार करू शकत नाहीत, डहाळ्या वाळतात आणि आत केवळ लाकूड उरते. तुडतुड्यांना लपण्यास व भुरीला वाढण्यास अशी दाट, दमट सावली फार मानवते. फवारणी शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचवायची तर औषध व मजुरी दीडपट लागते.

शेजारची झाडे एकमेकांस भिडली की स्थिती आणखी बिघडते. मग घुमटाच्या बाजूही अंधारात जातात आणि फळ धरण्यास केवळ माथा शिल्लक राहतो. झाडे त्या माथ्यावरील उजेडासाठी स्पर्धा करू लागतात व उंच जातात. अशा बागेत फळ काढण्यास झेला पुरत नाही, माणूस वर चढवावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर शेवाळलेल्या फांदीवर चढण्यात किती जोखीम आहे, हे ज्यांच्या घरातील माणूस त्या कामाला जातो त्यांस सांगावयास नको. उंचावरून निसटलेले फळ तर डागी होऊन पेटीतून बादच होते.

अंतर किती ठेवावे?

दहा मीटर अंतरावर चौरस पद्धतीने लागवड केल्यास हेक्टरी १०० झाडे बसतात. पाच मीटरांवर ४०० बसतात. घन लागवडीत पहिल्या दहा-बारा वर्षांतील उत्पन्न कितीतरी अधिक मिळते यात शंका नाही, आणि शासनाच्या फळबाग योजनांतही आता आंबा कलमांसाठी दोन्ही अंतरे मान्य आहेत. तथापि पाच मीटरांची बाग हा दरवर्षी छाटणी करण्याचा करार आहे, असे समजूनच ती लावावी. ओळींमधील अंतराच्या सुमारे चार-पंचमांशापेक्षा झाडाची उंची अधिक होऊ देऊ नये, असा एक ढोबळ नियम आहे; पाच मीटरांच्या ओळीत झाड चार मीटरांवर रोखले पाहिजे. ज्यांचे वास्तव्य मुंबईला आणि बाग गावी आहे, ज्यांस जूनमध्ये चार दिवस सिकेटर व करवत घेऊन बागेत राहणे शक्य नाही, त्यांनी घन लागवडीच्या वाटेस जाऊ नये, असे स्पष्ट मत येथे नोंदविणे भाग आहे. मधला मार्ग हवा असल्यास १० × ५ मीटर अंतर घ्यावे. हेक्टरी २०० झाडे बसतात, आणि पुढे दाटी झाल्यास एकाआड एक झाड काढता येते. पण काढावयाचे झाड कोणते, हे लावण्याच्या दिवशीच ठरवून त्याची नोंद ठेवावी. फळास आलेल्या झाडावर कुऱ्हाड घालण्यास ऐन वेळी कोणाचाही हात उचलत नाही.

बांधावर लागवड करणाऱ्यांनी विशेष जपावे. ठीक बांधावर लावलेल्या कलमाचा अर्धा घेर पंधरा वर्षांनी शेजाऱ्याच्या पिकावर सावली धरतो, आणि त्यापासून उद्भवणारे तंटे तलाठ्यापासून पोलिसपाटलापर्यंत सर्वांना ठाऊक आहेत. कलम आपल्या हद्दीत निदान पाच मीटर आत घ्यावे. घराची भिंत, विहीर व विजेच्या तारा यांपासूनही असेच अंतर राखावे. रायवळ असल्यास ते दुप्पट करावे.

लहानपणीच वळण द्यावे

कलम लावल्यावर पहिले काम खुंटावरची फूट काढण्याचे. जोडाच्या खालून आलेला फुटवा रायवळाचा असतो, तो जोमाने वाढतो आणि दुर्लक्ष झाल्यास दोन वर्षांत हापूसचे झाड नाहीसे होऊन तेथे रायवळ उभे राहते. मराठवाड्यातील कोरडवाहू जमिनीत खुंटरोप प्रथम जागेवर वाढवून त्यावर केसरचे कलम बांधण्याची पद्धत चांगली आहे, कारण पिशवीत न वळलेले सोटमूळ खोल जाते. परंतु तेथे ही फूट अधिकच येते, हे विसरू नये.

कलम गुडघ्याच्या वर, साधारण ६० ते ७० सेंटिमीटर झाले की त्याचा शेंडा खुडावा. त्याखाली अनेक फुटवे येतील. त्यांतील चार दिशांना जाणारे तीन-चार ठेवून बाकीचे काढावेत. एकाच ठिकाणाहून दोन फांद्या निघू देऊ नयेत. असा बेचका पुढे वादळात फाटतो. पुढील एक-दोन पालव्यांनंतर हीच कृती पुन्हा करावी. पहिली तीन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा, कारण अंगाहून जड फळ धरलेले कलम खुजे राहते. पुढे दरवर्षी फळे उतरताच वाळलेल्या, आत शिरणाऱ्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. घन लागवडीतील शेंड्यांची छाटणीही याच वेळी उरकावी, म्हणजे नवी पालवी पावसाळ्यात येऊन मोहोराच्या वेळेपर्यंत जून होते. उशीर झाला तर छाटणीच मोहोराच्या मुळावर येते.

दाटलेल्या जुन्या बागा

ज्या बागा आधीच दाटल्या आहेत त्यांचे काय करावे? सर्वप्रथम मधोमध सरळ वर गेलेली एखाद-दुसरी फांदी मुळाशी कापून झाडाच्या पोटात ऊन उतरू द्यावे. पुष्कळ झाडांना एवढे पुरते. एकदम सर्व घेर उतरविण्याची घाई करू नये.

जेथे एवढ्याने भागत नाही तेथे मुख्य फांद्या जमिनीपासून चार-पाच मीटरांवर कापून झाडाचे पुनरुज्जीवन करावे लागते. कोकणात हे काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावे. जाड फांदी प्रथम खालच्या बाजूने थोडी व नंतर वरून कापावी, म्हणजे ती साल सोलून खाली येत नाही. काप किंचित तिरपा ठेवून त्यावर लगेच बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून एकत्र करावा आणि एकंदर पाणी १० लिटर धरावे; लोखंडी भांडे वापरू नये. उघड्या पडलेल्या खोडास चुन्याचा हात द्यावा, नाहीतर उन्हाने साल तडकते. यानंतरच्या काळात खोडकिडा, म्हणजे भिरूड, यावर बारीक लक्ष हवे. कापलेल्या झाडाकडे तो हमखास येतो. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की तारेने अळी काढून छिद्र बंद करावे. एका पावसाळ्याच्या दुर्लक्षाने पन्नास वर्षांचे झाड गेल्याची उदाहरणे आहेत.

काप घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत प्रत्येक फांदीवर फुटव्यांचा गुच्छ येतो. तो पाहून मालकास आनंद होतो आणि तो सर्व राखावासा वाटतो. तसे केल्यास चार वर्षांत पूर्वीचीच दाटी परत येईल. बाहेरच्या दिशेला जाणारे मोजके जोमदार फुटवे ठेवून उरलेले काढावेत, व ही विरळणी दोन वर्षे चालू ठेवावी. फळ साधारण तिसऱ्या वर्षापासून येऊ लागते. मधल्या काळात उत्पन्न बुडते, ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास आधी सांगितली पाहिजे. सर्व बाग एका वर्षी न कापता पहिल्या वर्षी एकाआड एक ओळ घ्यावी आणि तिला फळ लागल्यावर उरलेल्या ओळी घ्याव्यात. उघड्या झालेल्या ओळींत त्या तीन वर्षांपुरती हळद, भाजीपाला किंवा कुळीथ यांसारखी पिके चांगली येतात. मात्र पाण्याच्या पिकांना बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, आणि आळ्याच्या आत नांगर घालू नये.